१६ नंबरवर एवढी गर्दी का? आयआरक्यूचं वाटप करतं कोण: बायॉस, लिनक्स की मदरबोर्ड?

अंबडचा_टर्नर
राम राम मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. एका मिलिंग मशीनचा कंट्रोलर गेला, नव्याचा भाव ऐकून खाली बसलो, आणि शेवटी पुतण्याचं ऐकून एका जुन्या कोअर टू ड्युओ डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी, म्हणजे पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. पॅरलल पोर्टमधून स्टेपर मोटरच्या ड्रायव्हरला पल्स जातात, एका पल्सला मोटर एक स्टेप सरकते. मशीन चालतं. पण मधूनच स्क्रीनवर 'अनएक्स्पेक्टेड रियलटाइम डिले' असा मेसेज येतो, आणि वेग वाढवला की एखादी स्टेप मार खाते. जॉब वाया.

पुतण्याने /प्रॉक/इंटरप्ट्स ही लिनक्समधली यादी उघडून दाखवली. कोणतं उपकरण सीपीयूला कोणत्या नंबरवरून (म्हणजे आयआरक्यूवरून) हाक मारतं ते तिथे दिसतं. यूएसबी, ग्राफिक्स आणि पॅरलल पोर्टचं पीसीआय कार्ड, तिघंही १६ वर. नेटवर्क मात्र एकटंच २६ वर ऐसपैस. माझं म्हणणं सरळ आहे: तिघांना एका नंबरवर कोंबल्यावर पल्सला उशीर होणारच. पूर्वी पॅरलल पोर्टला हक्काचा ७ नंबर असायचा ना? मग हे वाटप आता करतं कोण, आणि मला ते बदलता येईल का?

तर्रीबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एकच विनंती, कोणीही द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकचं उदाहरण देऊ नये. दिलं की मी धागा सोडणार.

पंचवटीकर
सोपं आहे हो. बायॉसमध्ये जा. 'पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड' नो करा. पीसीआय कॉन्फिगरेशनमध्ये आयआरक्यू ७ राखीव ठेवा. 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' यस. सेव्ह, रीस्टार्ट. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो.

जुना_हार्डवेअरवाला
पंचवटीकरांनी ते दिवस आठवून दिले. एमजी रोडला दुकान होतं तेव्हा आयआरक्यूचा तक्ता काउंटरच्या काचेखालीच ठेवलेला असायचा. नव्या पिढीसाठी सांगतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५९ ही एकच इंटरप्ट चिप होती, म्हणजे आठ लायनी. १९८४ च्या एटीमध्ये दुसरी ८२५९ आली आणि ती पहिलीच्या २ नंबरच्या लायनीवर टांगली. त्यामुळे सोळा दिसतात, पण वापरायला पंधराच. ० टायमर, १ कीबोर्ड, ३ कॉम-२, ४ कॉम-१, ६ फ्लॉपी, ७ प्रिंटर, ८ घड्याळ, १२ पीएस-टू माउस, १३ मॅथ कोप्रोसेसर, १४ आणि १५ आयडीई. उरल्या ५, ९, १०, ११. त्यात साउंड कार्ड, नेटवर्क, स्कझी आणि काय काय बसवायचं. कार्डावरच्या जंपरच्या टोप्या चिमट्याने काढून हलवायच्या, मग ऑटोएक्झेक फाइलमध्ये 'सेट ब्लास्टर'च्या ओळीत तोच नंबर लिहायचा. दोन्ही जुळलं नाही तर गेममध्ये आवाज नाही, आणि गिऱ्हाईक दारात.

सगळ्यात मजेशीर भानगड मोडेमची. कॉम-१ आणि कॉम-३ दोघांचा नंबर ४. माउस कॉम-१ वर आणि इंटर्नल मोडेम कॉम-३ वर असला की फोन लागला रे लागला की माउस थिजायचा. लोक म्हणायचे व्हायरस आहे.

टर्नरभाऊ, तुम्ही फक्त कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. नंबर बदलेल.

ध्वनिवेडा
काका, मोडेमवाला किस्सा आमच्या घरात घडलाय. वडिलांनी माउसच बदलून आणला होता :)

बिट_बाय_बिट
मी थर्ड इयरला आहे, ८२५९ आम्हाला अजून शिकवतात. आयसीडब्ल्यू१ ते आयसीडब्ल्यू४ (चिप सुरू करताना द्यायचे आदेश) पाठ करून लिहितो, पण हे खऱ्या कॉम्प्युटरमध्ये कुठे असतं ते आज पहिल्यांदा कळतंय. आयसीडब्ल्यू२ मध्ये व्हेक्टर का द्यावा लागतो? आयआरक्यू नंबर आणि व्हेक्टर एकच ना?

चांदवडची_लेक
फर्मवेअरमध्ये काम करते, सध्या पुण्यात, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे. आधी बिट_बाय_बिटचं उत्तर, कारण टर्नरदादांचं उत्तर त्यातूनच निघतं.

एकच नाहीत. आयआरक्यू म्हणजे उपकरणाची तार चिपच्या कितव्या पायावर आली ते. व्हेक्टर म्हणजे सीपीयूने आपल्या २५६ ओळींच्या तक्त्यातली कितवी ओळ उघडायची ते. यांची सांगड ऑपरेटिंग सिस्टिम घालते. त्या तक्त्यातल्या पहिल्या ३२ ओळी इंटेलने अपवादांसाठी राखून ठेवल्या होत्या: शून्याने भागणं, पेज फॉल्ट वगैरे. आयबीएमने तरीही आयआरक्यू ० ते ७ हे व्हेक्टर ८ ते १५ वर बसवले. डॉसमध्ये खपून गेलं. प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट, मग टायमरची टिकटिक आणि डबल फॉल्ट ओळखणार कसे? म्हणून प्रोटेक्टेड मोडमधली प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना ८२५९ ला पुन्हा शिकवायची की बाई, तुझे व्हेक्टर ३२ च्या पुढे. तुझा आयसीडब्ल्यू२ तो हाच.

आता १६ नंबर. टर्नरदादांच्या मशीनमध्ये ८२५९ कामावर नाही, तिच्या जागी आय/ओ एपिक आहे. तिला साधारण २४ पाय: ० ते १५ जुन्या आयएसए (पीसीआयच्या आधीचे स्लॉट) नंबरांसाठी जवळपास जसेच्या तसे, १६ ते २३ पीसीआयसाठी. पीसीआय कार्डाला आयएनटीए ते आयएनटीडी अशा चारच इंटरप्ट पिना असतात, आणि त्या बोर्डावर कुठे जोडल्यात हे मदरबोर्ड डिझाइन करणाऱ्याने तांब्यात कोरून ठेवलंय. बायॉस तीच जोडणी एसीपीआयच्या तक्त्यात (बोर्डाची माहिती ओएसला द्यायची ती जागा) लिहून देतं, '_पीआरटी' नावाने. लिनक्स काय किंवा विंडोज काय, तो तक्ता वाचतात. म्हणजे १६ हा आकडा कोणी 'दिलेला' नाही. तिघांच्या तारा एकाच पायावर आल्यात, एवढंच. ओएसच्या हातात राहतं ते व्हेक्टर कोणता, आणि इंटरप्ट कोणत्या कोअरला पाठवायचा.

२६ नंबर मात्र खरोखर लिनक्सने दिलाय. तुमचं नेटवर्क कार्ड तार वापरतच नाही. ते एमएसआय वापरतं, म्हणजे मेमरीतल्या एका ठराविक पत्त्यावर एक आकडा लिहितं, आणि तो लिहिणं हाच इंटरप्ट. चोवीस पाय संपल्यावरचे नंबर लिनक्स अशांना वाटतो.

पंचवटीकर, ७ राखीव ठेवायला हरकत नाही, पण बायॉसमधली ती यादी ८२५९ च्या जमान्याची. ओएसने एपिक चालू केली की तिला कोणी विचारत नाही. 'नोएपिक' देऊन बूट केलं तर परत पंधरा लायनी मिळतील, आणि आता तिघं आहेत तिथे पाच जण कोंबले जातील.

पंचवटीकर
आमच्याकडे या उपायाने चाललेली मशिनं आहेत, ती काय आपोआप चालली?

चांदवडची_लेक
विंडोज ९८ असेल तर शंभर टक्के त्यानेच चालली असणार. तिथे तुमचं बरोबर.

सातपूरची_सून
डोक्यावरून गेलं. एकाच तारेवर तिघं असतील तर कोणी हाक मारली ते कसं कळतं? आणि हाक हरवत नाही का?

चांदवडची_लेक
ताई, तीन फ्लॅटना मिळून जिन्यात एकच बेल आहे असं समजा. बेल वाजली की तिन्ही घरचे दार उघडून बघतात, पाहुणा ज्याचा तो 'आमचा' म्हणतो, बाकीचे आत जातात. ड्रायव्हर हेच करतात: कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या नंबरवरच्या प्रत्येकाला विचारतो, आणि ज्याच्या उपकरणाने हाक मारली तो हो म्हणतो. पीसीआयची बेल पाहुण्याला आत घेईपर्यंत वाजतच राहते, म्हणून हाक हरवत नाही. आयएसएची बेल दाबल्याक्षणी एकदाच वाजायची. त्याच वेळी दुसऱ्यानेही दाबली तर कळायचंच नाही. म्हणून काकांच्या काळात दोघांना एक नंबर म्हणजे भांडण, आणि आज एक नंबर म्हणजे फक्त थोडी जास्त चौकशी.

तर्रीबाज
द्वारका टळलं. पण जिन्यात बेल वाजून तिन्ही घरं दार उघडतात ही सोसायटी नाशकात कुठे आहे ते कळवा, फ्लॅट बघायचाय.

द्राक्षबागाईतदार
मग कोणीच 'आमचा' म्हटलं नाही तर? हे गमतीने विचारत नाही. पिंपळगावकडच्या एका शीतगृहात तापमान नोंदवणारा लिनक्स पीसी आहे. एके दिवशी 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' असा मेसेज आला आणि त्यानंतर यूएसबीवरचे सेन्सर रखडत रखडत चालायला लागले. हंगामाचे दिवस, माल आत. रीबूट केला की बरा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच.

चांदवडची_लेक
हीच शेअरिंगची खरी दुखरी नस. तारेवर हाक चालू आहे, पण एकही ड्रायव्हर ती आपली मानत नाही. हँडलर (हाकेला उत्तर देणारा ड्रायव्हरचा भाग) संपला की लाइन लगेच पुन्हा उचलते, सीपीयू त्यातच अडकतो. लिनक्स मोजत असतो: एका नंबरच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० च्या वर बेवारस निघाले की तो ती लाइनच बंद करतो. मग त्या लाइनवरचे निरपराध लोकही बसले. ते जिवंत राहावेत म्हणून कर्नल अधूनमधून नुसतं डोकावून बघतो, म्हणून तुमचं यूएसबी मेलं नाही, रखडलं. मेसेजमध्येच 'आयआरक्यूपोल' लावून बूट करा असं सुचवलेलं असतं, पण ती मलमपट्टी. त्या १६ वर आणखी कोण आहे ते बघा. ज्याचा ड्रायव्हर लोडच नाही असं एखादं कार्ड असेल तर तेच संशयित.

द्राक्षबागाईतदार
एक जुनं कॅप्चर कार्ड आत तसंच आहे, कॅमेरे कधीच काढले. उद्याच उपटतो.

ध्वनिवेडा
विंडोजवाल्यांसाठी भर. मी घरी गाणी रेकॉर्ड करतो, पूर्वी आवाजात टिकटिक यायची. एक्सपीत सगळी पीसीआय कार्डं ९ किंवा ११ वर एकत्र दिसायची, आणि नेटवरचे सल्लागार सांगायचे की 'एसीपीआय पीसी' काढून 'स्टँडर्ड पीसी' करा. त्या नादात एकदा मशीन बूटच होईना, विंडोज नव्याने टाकावं लागलं. आता व्हिस्टापासून एमएसआय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू, मग 'रिसोर्सेस बाय टाइप' केलं की इंटरप्टच्या यादीत उणे आकडे दिसतात, तेच एमएसआयवाले. उणे दिसलं म्हणून घाबरू नका. टिकटिक शोधायची तर उशीर मोजणारं लेटन्सीमॉन चालवा. आमच्या वेळी गुन्हेगार वायफायचा ड्रायव्हर निघाला, आयआरक्यू नंबर नव्हे.

बिट_बाय_बिट
इंटरप्टच नको, सीपीयूने स्वतःच विचारत राहावं, असं का नाही करत? आमचे सर म्हणतात पोलिंग वाईट.

गंगापूररोड_सर्व्हर
सरांना सांग, दिवस बघून वाईट. नेटवर्कवर पाकिटांचा पूर आला की प्रत्येक पाकिटाला एक इंटरप्ट परवडत नाही. लिनक्समधलं नॅपी पहिल्या इंटरप्टला जागं होतं, कार्डाचे इंटरप्ट बंद करतं, साचलेलं पोलिंगने उपसतं, रिकामं झालं की इंटरप्ट परत चालू. आमच्याकडच्या सर्व्हरला एमएसआय-एक्स आहे, एका उपकरणाला २,०४८ पर्यंत व्हेक्टर मागता येतात. साध्या एमएसआयला ३२ च. नेटवर्क कार्डाची प्रत्येक रांग वेगळ्या कोअरवर, एनव्हीएमई एसएसडीचंही तसंच. १६ नंबर बघून किती वर्षं झाली!

जुना_हार्डवेअरवाला
आणि आमच्या वेळी दहा आणि अकरासाठी मारामारी :(

अंबडचा_टर्नर
सगळं वाचलं, काही दोनदा. काकांच्या सांगण्यावरून कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये टाकलं. नंबर १६ चा १८ झाला, आता तो एकटाच आहे. पंचवटीकरांचंही करून पाहिलं, ७ राखीव, काही फरक नाही. डिलेचा मेसेज मात्र दोन्ही वेळेस तस्साच. मग घोडं अडलंय कुठे? कर्नल प्रीएम्प्ट-आरटीचा (वेळेला पक्का, रियलटाइम) आहे असं पुतण्या सांगतो. बेस पिरियड ५० मायक्रोसेकंद.

चांदवडची_लेक
स्लॉटची परीक्षा छान केलीत. शेजारच्या स्लॉटमध्ये त्याच पिनेची तार वेगळ्या पायावर सरकवून जोडतात, म्हणून नंबर बदलला. आणि १८ वर एकटा असूनही उशीर तोच, म्हणजे शेअरिंग निर्दोष सुटलं.

आता मुख्य गोष्ट. सॉफ्टवेअर स्टेपिंगमध्ये लिनक्ससीएनसी पॅरलल पोर्टच्या इंटरप्टची वाट बघतच नाही. ५० मायक्रोसेकंदांचा पिरियड म्हणजे सेकंदाला २०,००० वेळा टायमर त्याला उठवतो, आणि ते पोर्टच्या पत्त्यावर लिहून मोकळं होतं. /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये खाली 'एलओसी' नावाची ओळ आहे, ती बघा कशी पळते. पोर्टचा आयआरक्यू ७ असो, १६ असो, नसो, पल्सला कर्तव्य नाही. प्रीएम्प्ट-आरटीमध्ये तर बहुतेक इंटरप्टचं कामही कर्नलच्या वेगळ्या धाग्यात (थ्रेडमध्ये) चालतं, 'आयआरक्यू/१६-' असं ज्याचं नाव दिसतं, आणि त्यांची प्राधान्यता लिनक्ससीएनसीच्या धाग्यापेक्षा खाली असते.

म्हणजे उशीर होतोय तो टायमर वाजल्यापासून तुमचा धागा उठेपर्यंत. त्याची नेहमीची कारणं तीन. सीपीयू वीज वाचवायला खोल सी-स्टेटमध्ये झोपतो आणि उठायला वेळ घेतो. बोर्डावरचं ग्राफिक्स मेमरीची वाट अडवतं. तिसरं सगळ्यात खट्याळ: एसएमआय. हा इंटरप्ट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतही नाही. बायॉस सीपीयू ताब्यात घेतं, स्वतःचं काम उरकतं, परत देतं, आणि लिनक्सला फक्त घड्याळ पुढे गेलेलं दिसतं. यूएसबी कीबोर्डला जुन्या कीबोर्डचं सोंग देणारा 'लेगसी यूएसबी सपोर्ट' हा त्यातला नेहमीचा संशयित. पण एसएमआय सरसकट बंद करणारे उपाय नेटवर मिळतील, ते करू नका. काही बोर्डांवर तापमानाचं संरक्षण त्याच्यावर चालतं.

करून बघा: बायॉसमध्ये सी-स्टेट आणि लेगसी यूएसबी बंद. कर्नलच्या ओळीत आयसोलसीपीयूज=१ आणि आयआरक्यूअ‍ॅफिनिटी=०. दोन्ही लागतात, कारण पहिलं फक्त इतर प्रोग्रामना दुसऱ्या कोअरपासून लांब ठेवतं, इंटरप्टांना हाकलतं ते दुसरं. आणि आधी-नंतर लिनक्ससीएनसीची लेटन्सी-टेस्ट चालवा, सोबत ग्लएक्सगिअर्सच्या (ग्राफिक्सला कामाला लावणारा छोटा प्रोग्राम) दोन-तीन खिडक्या उघडून मशीनला घाम फोडा. कमाल जिटर (वेळेतली जास्तीत जास्त चूक) १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ३० ते ५० चालेल, १०० च्या वर असेल तर तो पीसी सॉफ्टवेअर स्टेपिंगच्या कामाचा नाही.

पंचवटीकर
म्हणजे शेवटी बायॉसमध्येच जायचं. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

तर्रीबाज
+१. पंचवटीकर रॉक्स.

सातपूरची_सून
प्रीएम्प्ट-आरटी म्हणजे वेगळं लिनक्स घ्यावं लागतं का? मुलाला रोबोटसाठी हवंय.

गंगापूररोड_सर्व्हर
पूर्वी पॅच लावावा लागायचा. थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळी वीसेक वर्षं त्याच्या मागे होती, २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून ते मूळ कर्नलमध्येच आलं. कर्नल बांधताना पर्याय चालू करायचा.

अंबडचा_टर्नर
शेवटी आज जमलं. आधीची कमाल जिटर १८० च्या घरात. लेगसी यूएसबी बंद केल्यावर किंचित हलली. सी-स्टेट बंद केल्यावर एकदम ६० च्या आसपास. दुसरा कोअर वेगळा काढल्यावर २७, आणि ग्लएक्सगिअर्स चालू ठेवूनही तिथेच. दुपारपासून एक जॉब लावलाय, मेसेज आलेला नाही. गंमत म्हणजे कार्ड स्लॉट साफ करताना पुतण्याने परत जुन्या जागी लावलं, तेव्हा पॅरलल पोर्ट पुन्हा १६ वरच आहे. राहू दे तिथेच.

पंचवटीकर, मिसळ लागू झाली, तारीख तुम्ही सांगा. चांदवडच्या ताई, चौथा अक्ष लावायचं मनात आहे. हाच पीसी झेपेल का?

जुना_हार्डवेअरवाला
मिसळीला मी पण. आणि कोणाकडे आयएसए स्लॉटचं साउंड कार्ड पडलं असेल तर फेकू नका, मला कळवा.

चांदवडची_लेक
दादा, पोर्टाच्या पिना मोजा आधी. डेटाच्या आठ पिना, प्रत्येक अक्षाला स्टेप आणि दिशा अशा दोन, म्हणजे चौथ्या अक्षाला त्या आठही गेल्या. स्पिंडल आणि कूलंटसाठी कंट्रोलच्या चार पिना उरतात. लिमिट स्विचला पाचच इनपुट, त्यामुळे ते एका पिनेवर मालिकेत जोडावे लागतील. वेगाचंही गणित आहे: पिरियड ५० वर ठेवलात तर पल्स सेकंदाला फार तर २०,०००, आणि मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे बारीक तुकडे) जास्त असेल तर ते लवकर संपतात. २७ जिटरवर पिरियड थोडा खाली आणता येईल, पण हळूहळू, प्रत्येक वेळी टेस्ट लावून. त्याहून पळवायचं असेल तर पल्स स्वतःच तयार करणारं मेसा कंपनीचं एफपीजीए कार्ड घ्या. मग पीसीला मिलिसेकंदाला एकदा बोललं तरी पुरतं, आणि २७ काय, शंभर जिटरही चालून जाईल. फक्त ते इथरनेटवालं घेतलंत तर नेटवर्कच्या त्या २६ नंबरकडे लक्ष द्या, कारण तिथे तोच मधला दुवा होतो.